जात्याखालची झोप

सूनबाईच्या पलंगाच्या बरोबर वर एक जातं होतं.

घरात नव्हे, घरावर. पलंगावर उताणं पडून वर पाहिलं की आधी वासे दिसत, वाशांवर आडव्या रिपा, रिपांवर नालीदार पत्रे, आणि पत्र्यात एके ठिकाणी ताटाएवढा पोचा. त्या पोच्यात जातं बसलं होतं, दोन्ही दगडांसकट. चौऱ्याऐंशी किलो.

हा आकडा सासऱ्यांचा होता, त्यामुळे त्यात चूक असणं शक्य नव्हतं. सासऱ्यांची सगळी नोकरी वजनकाट्यावर गेली होती. भरलेला ट्रक आला की काट्यावर घ्यायचा, रिकामा होऊन परतला की पुन्हा घ्यायचा, आणि मधला फरक मोठ्याने ओरडून सांगायचा. एकतीस वर्षं हेच केल्यावर माणसाची नजरच काटा होऊन बसते. निवृत्त झाले तरी दारात आलेल्याला ते आधी तोलत आणि मग या म्हणत. "दोन किलो उतरलात की हो!" पाहुणा खूश. पाहुणी असली तर सासूबाई स्वयंपाकघरातून आधीच खोकायला लागत. गल्लीत त्यांना टनमास्तर म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडे.

रेडिओवर वादळाची बातमी आली की टनमास्तर छपरावर एक जड वस्तू चढवत. हा त्यांचा नेम होता. पत्रे उडू नयेत म्हणून वजन ठेवायचं, एवढी साधी गोष्ट. पण वादळं येत राहिली आणि खाली काही उतरलं नाही. ट्रकची अकरा टायरं होती. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतलं ते जातं होतं. लोहाराची ऐरण होती, एक बिनदाराची तिजोरी होती, आणि कुठल्याशा हॉटेलातून निघालेला ओतीव लोखंडाचा न्हाणीचा टब होता, ज्यात पावसाचं पाणी साचून कबुतरं आंघोळीला येत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, या घरातलं सगळं सामान चुकून वरच्या बाजूला लागलंय.

ठकी जन्माला येईपर्यंत सूनबाईला याचं हसू येत असे. ठकी झाली आणि हसू आटलं. सहा महिने झाले, ठकीला पाजताना तिची नजर वर जाई ती त्या पोच्यावर जाऊन थांबे. पोच्याच्या कडेला एक बारीक तडा होता. काल तो वितभर होता का? की वीत आणि दोन बोटं? ठकी पिता पिता झोपून जाई आणि सूनबाई टक्क जागी. तिने पलंग हलवूनही पाहिला. खिडकीकडे सरकवला तर वर ऐरण आली. दाराकडे ओढला तर टब. शेवटी आपलं ओळखीचं जातं बरं, म्हणून तिने पलंग पुन्हा जागेवर आणला.

नवरा मालवाहू जहाजावर. फोन लागला की समुद्राचा खरखराट आणि त्यातून त्याचा आवाज, "अगं, बाबांनी एवढी वर्षं सांभाळलंय ना घर? त्यांना कळतं त्यातलं." आणि फोन कट. तो नेमका अशाच वाक्यांवर कट होत असे.

मंगळवारी बातमी आली. शनिवारी वादळ, आणि या वेळचं मोठं. दुपारी टनमास्तर हातगाडी ढकलत अंगणात आले. घामाने निथळत होते, चेहऱ्यावर मात्र लग्नघरातल्यासारखा आनंद.

"सूनबाई, बघ काय मिळालं! ट्रकचा मागचा अॅक्सल. एकशे दहा!"

"कुठे ठेवणार, बाबा?"

"कुठे म्हणजे? जात्याशेजारी. ती बाजू हलकी पडतेय."

जात्याशेजारी म्हणजे ठकीच्या पाळण्यावर. सूनबाई तीन वर्षांत सासऱ्यांपुढे कधी वरच्या आवाजात बोलली नव्हती. आताही तिने आवाज चढवला नाही. कडेवर ठकी झोपली होती, त्यामुळे जे काही बोलायचं ते कुजबुजतच बोलावं लागलं.

"तो वर गेला ना बाबा, तर मी हिला घेऊन आईकडे जाईन. गुरुवारच्या बसने. मला झोप लागत नाही या छपराखाली. सहा महिने झाले."

टनमास्तरांनी अॅक्सलकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, ठकीकडे पाहिलं. "सात किलो तीनशे," ते पुटपुटले. ते गोंधळले की असं होत असे. "म्हणजे... छपराखाली झोप लागत नाही? अगं, वजन आहे म्हणून तर झोपायचं निर्धास्त!"

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "बुधवारी सुतार येतोय."

"कुणी बोलावलं?"

"मी."

सासूबाई कमी बोलत, पण त्यांचं बोलणं म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. उपटायला गेलं तर भिंतीचा तुकडा येई.

*

सुतार किरकोळ अंगाचा, पन्नाशीचा माणूस. त्याच्या तोंडात सदैव चारसहा खिळे असत. खिळे असताना तो "हं" म्हणे, आणि त्या एका "हं"चे बारा अर्थ होत. तो शिडी लावून वर गेला, अर्धा तास वर फिरला, खाली आला, आणि एकेक खिळा काढून खिशात ठेवू लागला. गोष्ट गंभीर आहे हे तेव्हाच सगळ्यांना कळलं.

"मास्तर, वरचं सगळं उतरवा. मग बोलू."

"सातशे त्रेचाळीस किलो आहे वर," टनमास्तर छाती काढून म्हणाले. "अॅक्सल धरला तर आठशे त्रेपन्न."

"घरातली माणसं मारायला पुरे आहे."

टनमास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्ही एकसष्ट किलोचे माणूस! तुम्हाला वजनातलं काय कळणार?"

"वारा दाबत नाही हो, मास्तर. वारा उचलतो. वरून सरकतो आणि छप्पर ओढून घेतो, डब्याचं झाकण काढल्यासारखं. त्याला वजन नाही लागत, बांधणी लागते. पत्र्याने रीप धरायची, रिपेने वासा, वाशाने भिंतीवरची तुळई, तुळईने भिंत, भिंतीने पाया. एकाने हात सोडला की संपलं. तुमच्याकडे कुणीच कुणाचा हात धरलेला नाही. सगळे नुसते एकमेकांवर बसलेत."

यावर टनमास्तरांनी ती हकिकत सुरू केली. सूनबाईला ती पाठ होती. लग्नात तिला सासरची माणसं ओळखू येण्याआधी ती हकिकत ओळखू येऊ लागली होती. बत्तीस वर्षांपूर्वीचं वादळ. भर दुपार. तिचा नवरा तेव्हा ठकीएवढा. गल्लीतली नऊ छपरं गेली. आणि या घराचा स्वयंपाकघराकडचा कोपरा उचलला जाऊ लागला, तेव्हा टनमास्तरांनी उडी मारून वासा पकडला आणि साडेतीन तास त्याला लोंबकळून राहिले. छप्पर जागेवर राहिलं. का राहिलं? वजनामुळे! तेव्हा त्यांचं वजन होतं अठ्ठ्याहत्तर.

"हं," सुतार म्हणाला. खिळे तोंडात नसतानाही. मग सायकलवर टांग मारून निघून गेला.

"गेला!" टनमास्तर म्हणाले.

पण पंधरा मिनिटांत सुतार परत आला. कॅरियरला ट्रकचा जॅक आणि खांद्यावर एक लाकडी खांब. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात त्याने जॅक ठेवला, त्यावर खांब उभा केला, खांबाचं वरचं टोक वाशाला टेकवलं, आणि दांडा दाबायला लागला. एकदा. दोनदा. कुठेतरी कुरकुर झाली. तिसऱ्यांदा दाबला, आणि भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये उजेडाची रेघ उमटली. रेघ रुंद होत होत बोटाएवढी झाली. त्यातून समोरच्या काकूंचा दोरीवर वाळत घातलेला परकर स्पष्ट दिसू लागला.

ठकी उजेडाकडे बघून खुदकन हसली. बाकी कुणी हसलं नाही.

"वर तुमचे सातशे त्रेचाळीस किलो आहेत," सुतार म्हणाला, "आणि मी एका हाताने उचललंय."

"जॅक पाच टनी आहे!" टनमास्तर उसळले. "वारा काय पाच टनाचा असतो?"

"एवढ्या छपराला? शनिवारचा? सात टन उचलेल."

दुसऱ्या कुठल्याही भाषेत सांगितलं असतं तर टनमास्तर तासभर भांडले असते, पण हे टनांत सांगितलं होतं. त्यांचे ओठ हलू लागले. सात हजारांतून सातशे त्रेचाळीस वजा होत होते. सूनबाईला त्यांचा चेहरा बघवेना. काटा बिघडलाय आणि मागे ट्रकांची रांग लागलीय, असा तो चेहरा होता.

दुसरा कोपरा उचलला. तिसरा उचलला. चौथा कोपरा स्वयंपाकघराचा. सुताराने दांडा दाबला. पुन्हा दाबला. दांडा घट्ट झाला. वर काही हललं नाही. सुताराने मान तिरपी करून वर पाहिलं.

"हं?"

"हाच!" टनमास्तर ओरडले. त्यांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. "हाच तो कोपरा! मी धरलेला! बघितलंत? एकदा नीट धरला तो धरला!"

"मास्तर, बत्तीस वर्षांपूर्वी धरलेला वासा अजून धरलेला राहत नाही."

"मग का हलत नाही? सांगा ना!"

सुतार खांबाभोवती फिरून कोपरा निरखू लागला. टनमास्तरांनी पुढच्या खोलीतली खुर्ची उचलली, शिडीवरून वर नेली, जात्याशेजारी मांडली आणि तिच्यावर बसले. "एक वस्तू खाली येणार नाही," त्यांनी वरून जाहीर केलं. "आणि आता ब्याण्णव किलो वाढले, तेही लिहून घ्या!"

*

दुपारचं जेवण बादलीतून वर गेलं. समोरच्या काकू आपल्या दारात उभ्या राहून नवऱ्याला सांगत होत्या, "अहो, या वेळी त्यांनी स्वतःलाच ठेवलंय."

खाली सुतार स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शिरला. खिडकीच्या वर डब्यांची फळी होती, आणि फळीमागे भिंतीला आणखी एक उभी फळी ठोकलेली. सूनबाईने एकदा विचारलं होतं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, झुरळं येतात म्हणून. सुताराने डबे उतरवले आणि फळी उचकटली.

मागे तार होती. कपडे वाळत घालायची जाड तार, धुराने काळी झालेली. वाशावरून खाली खिडकीच्या गजांना, पुन्हा वर, पुन्हा खाली. वेढ्यावर वेढा. मधोमध लाटणं खुपसून पिळून पिळून ताणलेली, आणि ते लाटणं अजून तिथेच. खिडकीचे गज उपटून आले असते, पण ही तार सुटली नसती.

सुताराने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने सासूबाईंकडे. सासूबाई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या.

"अकरा वेढे आहेत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मोजायची गरज नाही."

"आई, हे तुम्ही...?"

"मग कोण? ते लोंबकळत होते डोळे मिटून. मी पिठाच्या डब्यावर उभी राहिले आणि बांधलं. पोर पाठीला होतं."

"आणि तुम्ही बत्तीस वर्षं...? प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ते सांगतात, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकता!"

सासूबाईंनी एक पिवळं पान काढून टाकलं. "वादळ थांबलं तेव्हा त्यांचे हात सुटेनात. बोटं एकेक करून मी उघडली. तळव्यांची कातडी वाशाला राहिली होती. पंधरा दिवस मी घास भरवत होते. अशा माणसाला काय सांगायचं गं? की तुम्ही उगाच लोंबकळलात?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "लाटणं मात्र चांगलं होतं ते."

सूनबाई शिडी चढू लागली. तिचा बेत पक्का होता. वर जायचं, एका दमात सांगायचं, हे छप्पर तुम्ही नाही, तारेने धरलं होतं. वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. गुरुवारच्या बसला अजून एक दिवस होता, ठकी पाळण्यात होती, आणि पाळण्याच्या बाजूलाच वर जातं होतं. लेकरासाठी माणूस याहून वाईट काय काय बोलतं.

वरून जग वेगळंच दिसत होतं. टायरं, टब, तिजोरी, आणि मधोमध खुर्चीत तिचे सासरे, मांडीवर रिकामी ताटली. तळवे वर करून बसले होते. त्या तळव्यांवर रेषा नव्हत्या. नुसती गुळगुळीत, चकाकती कातडी. तीन वर्षं या घरात राहून तिने ते कधी पाहिलं नव्हतं.

"सूनबाई, तू कशाला वर आलीस? उतर, पडशील. चोपन्न किलो फक्त."

जिभेवरचं वाक्य तिने गिळलं. बरंच मोठं होतं, गिळायला वेळ लागला.

"बाबा, एक अडचण झालीय," ती म्हणाली. दुसरं वाक्य बोलता बोलताच तयार होत होतं. "सुतारदादा वाशांना लोखंडी पट्ट्या ठोकणार म्हणतात. पण वासे वाकलेत. तुळईपासून बोटभर वर आलेत. ठोकताना कुणीतरी वासा खाली ओढून धरायला हवा. लोंबकळून. आणि ते पडले एकसष्ट किलोचे."

टनमास्तरांनी मान वळवली.

"मी लोंबकळले असते," सूनबाई म्हणाली, "पण चोपन्नने काय होणार?"

"काही नाही होणार," टनमास्तर गंभीरपणे म्हणाले. "किती वासे आहेत?"

"बावीस."

"बावीस." ते उठले. पत्र्याने सुस्कारा टाकला. "ब्याण्णव किलो लागतीलच."

"सत्त्याण्णव!" खालून सासूबाईंचा आवाज आला.

"पण वर एवढं वजन असताना वासा खाली कसा येईल, बाबा? ते आधी उतरवायला लागेल."

"ते काय मला कळत नाही?" टनमास्तर शिडीकडे निघाले. "काट्यावर गाडी घ्यायची तर आधी उभी असलेली काढायला लागते."

खाली येऊन सूनबाईने सुताराला विचारलं, "दादा, वासे ओढून धरायला माणूस लागेल ना?" सुताराच्या तोंडात सहा खिळे होते. त्याने तिच्याकडे पाहिलं, शिडीवरून उतरणाऱ्या भारदस्त पावलांकडे पाहिलं.

"हं," तो म्हणाला.

*

जातं उतरवायलाच गुरुवारची सकाळ गेली. दोरखंड बांधून, फळीवरून घसरवत, चौघा शेजाऱ्यांनी ते खाली आणलं. टनमास्तर शेवटपर्यंत "सावकाश, चौऱ्याऐंशी आहे!" असं ओरडत होते, जणू त्र्याऐंशी असतं तर जरा भराभर आणता आलं असतं. बाराची बस गेली तेव्हा सूनबाई पलंगावर ठकीला पाजत होती. वर पाहिलं तर पोचा रिकामा. फुटका पत्रा सुताराने काढून टाकला होता, आणि त्या चौकोनातून निळं आभाळ पलंगावर येत होतं.

आणि मग बावीस वासे. सुतार पट्टी वाकवून वाशावर घाली, टनमास्तर "घ्या!" म्हणून वाशाला लोंबकळत, वासा कुरकुरत तुळईवर बसे, आणि सुतार ठाण ठाण खिळे मारी. चौथ्या वाशाला सुताराने तोंडातले खिळे काढून कबुली दिली, "वहिनी, खरंच बरं पडतंय हो." पत्र्यांना जागोजाग स्क्रू आणि रबरी वायसर बसले, कडेला दाट, मध्ये विरळ. तुळईपासून भिंतीतून पार पायापर्यंत सळया उतरल्या. व्हरांड्याचं छप्पर सुताराने मुख्य छपरापासून कापून वेगळं केलं, तेव्हा भांडण व्हायचं ते झालंच.

"माझा व्हरांडा का तोडता?"

"तोडत नाही, मोकळा करतोय. वारा आधी व्हरांड्याखालीच शिरतो. तो गेला तर एकटा जाईल, घराला ओढून नेणार नाही."

"म्हणजे जाऊ द्यायचा?"

"जाऊ द्यायचा."

टनमास्तरांना हे पटायला तीन वासे लागले.

एकविसावा वासा झाला, आणि ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आले. फळी काढलेलीच होती. सूनबाई दारात होती. तिला पुढे होऊन काहीतरी बोलायचं होतं, टॉवेल टाकायचा होता तारेवर, ठकीला रडवायचं होतं, काहीही. पण टनमास्तरांनी हात वर करून वासा धरला होता, आणि तार त्यांच्या नाकासमोर होती. ते लोंबकळले. सुताराने पट्टी ठोकली. ठोकून झाली तरी ते उतरले नाहीत.

"मास्तर, झालं."

"हं," टनमास्तर म्हणाले.

उतरल्यावर त्यांनी तळवे धोतराला पुसले. सुताराने तार कापायला पक्कड काढली तसे ते म्हणाले, "राहू द्या ती. कुणाची वाटेत येतेय?" आणि पाणी प्यायला गेले. ओट्यापाशी सासूबाई होत्या. त्यांनी पेला भरून दिला. टनमास्तरांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, आकडा सांगितला नाही.

*

शनिवारी अकरा वाजता आभाळ शिशासारखं झालं. खिडक्यांना फळ्या लागल्या. साडेअकराला दार वाजलं. समोरच्या काकू, काका आणि एक पोपट.

"आमचा पत्रा थडथडतोय हो. येऊ का?"

"या, या!" टनमास्तर म्हणाले. "काका, तुमच्या पत्र्यावर काय ठेवलंय?"

"विटा."

"विटा!" टनमास्तर कळवळले. "अहो, वारा दाबत नाही, वारा उचलतो! विटांनी काय होतंय? एकाने दुसऱ्याचा हात धरायला हवा!"

कोपऱ्यात बसलेल्या सुताराने, स्वतःचं काम कसं टिकतंय ते बघायला तो मुद्दाम आला होता, भिंतीकडे तोंड फिरवून हसून घेतलं.

बारा वाजता वारा आला. आधी शिट्टी, मग रेटा, मग असा आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. सूनबाई ठकीला कुशीत घेऊन पलंगावर टेकली. वर नवा पत्रा घुमत होता, पण हलत नव्हता. तिने वाशांकडे पाहिलं. प्रत्येक वाशाच्या खांद्यावर एक चकचकीत पट्टी.

"मास्तर, ती हकिकत सांगा की," काकू ओरडल्या. "अशाच दुपारची ना ती?"

"अशाच दुपारची," टनमास्तर ओरडले. "मी त्या कोपऱ्यात वासा धरून लोंबकळत होतो..."

सूनबाईला पुढचं पाठ होतं. उडी, साडेतीन तास, अठ्ठ्याहत्तर किलो.

"...डोळे मिटून. आणि हिने मागे तार बांधली. नऊ वेढे."

पोपटानेसुद्धा मान तिरपी केली.

"अकरा," सासूबाई म्हणाल्या.

"मी नऊ मोजले."

"तुम्हाला वजन कळतं. मोजायचं मला सांगा."

"बरं, अकरा," टनमास्तर म्हणाले. "काकू, लाटण्याने पिळलं होतं हो हिने! पाठीला पोर घेऊन! घर काय मी धरलं होतं? मी आपला..."

पुढचं सूनबाईला ऐकू आलं नाही. बाहेर काहीतरी मोठ्याने तुटलं, आवाज उंच चढला, ठकीचा गरम श्वास तिच्या गळ्यापाशी येत राहिला, आणि सहा महिन्यांची झोप एकदम अंगावर आली. आता फक्त एक मिनिट, असं मनाशी म्हणेपर्यंत मिनिट संपलं होतं.

जाग आली ती फोनच्या आवाजाने. खोलीत शांतता होती. फळ्यांच्या फटींतून पिवळा उजेड जमिनीवर पडला होता. ठकी कुशीत नव्हती. दचकून पाहिलं तर सासूबाईंच्या मांडीवर बसून पोपटाशी काहीतरी वाद घालत होती. कुणीतरी सूनबाईच्या अंगावर चादर घातली होती. सगळे जण तिच्याकडेच बघत होते, आणि काकूंनी तोंडाला पदर लावला होता.

फोनमध्ये समुद्र खरखरत होता. "हॅलो! हॅलो, ऐकू येतंय? कशा आहात सगळे? ठकी? छप्पर? छप्पर राहिलं का गं? खूप वाईट होतं का वादळ?"

सूनबाईने वर पाहिलं, मग उठून दाराबाहेर डोकावली. व्हरांड्यावर आभाळ होतं.

"थांब हं," ती डोळे चोळत म्हणाली. "मी झोपले होते. विचारून सांगते."